सभेत उठून बोललेला धाकटा

माझ्या कादंबरीतला धाकटा भाऊ हा महाभारतातला विकर्ण आहे, हे मला पहिला खर्डा संपल्यावर कळलं. तोवर तो नुसता धाकटा होता. पात्रांची नावं मी शेवटपर्यंत बदलत राहते, म्हणून इथेही नात्यांनीच लिहिते. चार भाऊ, एकत्र कारखाना. दुसऱ्या नंबरचा भाऊ अचानक जातो. मागे उरतात थोरला, मधला, धाकटा आणि गेलेल्याची बायको. कथा बरीचशी धाकट्याच्या डोळ्यांनी दिसते, म्हणून तिला वहिनीच म्हणू.

एका प्रकरणात सगळे वहिनीची सही घ्यायला बसतात. गेलेल्या नवऱ्याने मरण्याआधी दोन कागदांवर सह्या केलेल्या असतात. एका कागदाने त्याने स्वतःची भागीदारी सोडलेली, दुसऱ्या कागदावर भागीदार या नात्याने बायकोच्या नावावरचा हिस्सा थोरल्याला लिहून दिलेला. वहिनीने फक्त ‘मान्य’ म्हणून खाली सही करायची. खोलीत वयस्कर काका आहेत, हिशेबनीस आहे, कागद आत-बाहेर नेणारा एक पोऱ्या आहे. कोणी बोलत नाही. आणि मग धाकटा बोलतो. चांगलं मुद्देसूद बोलतो. थोरला म्हणतो, “लहान आहेस, तुला यातलं काय कळतं?” धाकटा खाली बसतो. पुढच्या प्रकरणात वहिनी दावा लावते, आणि थोरल्याला वकिलाकडे नेणारी गाडी धाकटाच चालवत असतो.

माझं लिखाण सगळ्यांच्या आधी वाचणारी एक मैत्रीण आहे. तिला हे अजिबात पटलं नाही. “अगं, एकतर याला बोलू देऊ नकोस, नाहीतर घर सोडून जाऊ दे. भर बैठकीत बोलायचं आणि वर त्यांचीच गाडी हाकायची, हे कसलं पात्र?” मला मात्र तो तसाच दिसत होता. असा माणूस असतो याची खात्री होती, पण का असतो ते सांगता येत नव्हतं. मैत्रिणीपुढे वाद घालायला ‘मला तसं वाटतं’ एवढाच मुद्दा होता, आणि तो मुद्दा नव्हे.

उत्तर सभापर्वात होतं. द्यूताचा प्रसंग आपल्याला तोंडपाठ आहे असं आपण समजतो. प्रत्यक्षात द्रौपदी, दुःशासन आणि मान खाली घातलेले पांडव एवढंच डोळ्यांसमोर असतं. त्या गर्दीत धृतराष्ट्राचा एक मुलगा, विकर्ण, उठतो. द्रौपदीच्या प्रश्नाचं उत्तर द्या, असं तो सभेतल्या राजांना पुन्हा पुन्हा विनवतो. भीष्म, धृतराष्ट्र, विदुर, द्रोण, कृप, सगळ्यांची नावं घेतो. कोणी तोंड उघडत नाही. तेव्हा तो हातावर हात चोळतो, उसासा टाकतो आणि म्हणतो, तुम्ही बोला न बोला, मला जे न्याय्य वाटतं ते मी सांगतो.

हातावर हात चोळणं. एवढ्या मोठ्या ग्रंथात, इतक्या दुय्यम पात्रासाठी ही एक हालचाल दिली आहे, आणि तिने तो सबंध माणूस उभा राहतो. रागावलेला माणूस हात चोळत नाही. तो मांडी थोपटतो, दंड थोपटतो. हात चोळतो तो बोलावं की न बोलावं या कात्रीत सापडलेला, ज्याला आपल्याच माणसांविरुद्ध बोलायचंय असा.

विकर्णाचा युक्तिवाद वकिली थाटाचा आहे. शिकार, मद्य, जुगार आणि स्त्रियांचा अतिरेक ही राजांची चार व्यसनं. व्यसनाच्या भरात केलेलं कृत्य ग्राह्य धरू नये. शिवाय द्रौपदी पाचांची, एकट्या युधिष्ठिराची नव्हे. तो स्वतःला आधी हरला, मग तिला पणाला लावलं. आणि तिचं नाव सुचवलं ते शकुनीने. म्हणून ती जिंकली गेलेली नाही. सभा त्याची वाहवा करते, शकुनीची निंदा करते. मग कर्ण उठतो आणि म्हणतो, तू पोर असून म्हाताऱ्यासारखा बोलतोस.

हे वाचताना मी वही मिटली. माझ्या थोरल्याचं वाक्य कर्णाच्या तोंडी होतं.

आता याच्यापुढचं ऐका. विकर्ण त्यानंतर कौरवांना सोडत नाही. विराटाच्या गायी पळवायला जे सैन्य जातं त्यात तो आहे. युद्धात तो दुर्योधनाच्याच बाजूने उभा राहतो, आणि चौदाव्या दिवशी भीमाच्या हातून मरतो. सगळे कौरव भाऊ मारण्याची प्रतिज्ञा भीमाने केलेली, म्हणून याला मारणं भाग. पण मारल्यावर भीम त्याच्यासाठी हळहळतो. बोलायचं आणि वर त्यांचीच गाडी हाकायची! मैत्रिणीला मी एवढं सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “बरं, व्यासांना चालतं तर चालू दे.” हे काही खरं उत्तर नव्हे, पण तिने हरकत मागे घेतली.

इथपर्यंत हा नुसता योगायोगाचा आनंद होता. खरं कामाचं पुढेच सापडलं.

आदिबंध, म्हणजे गोष्टींतून पुन्हा पुन्हा भेटणारा मूळ साचा, म्हटलं की आपण लगेच स्वभावांची यादी काढतो. वीर, गुरू, खलनायक, त्यागी माता, विदूषक. आपल्या बोलण्यात तर या याद्या तयारच आहेत: अमका कळीचा नारद, तमका शकुनीमामा, तो तिसरा झारीतला शुक्राचार्य. ऑफिसातल्या माणसाला एका शब्दात निकालात काढायला हे उत्तम. कादंबरीला काही उपयोगाचं नाही. निकालात निघालेल्या माणसाबद्दल तीनशे पानं कोण लिहिणार, आणि वाचणार कोण?

विकर्णाचा स्वभाव कसा होता? आपल्याला माहीत नाही. तो विनोदी होता की कुढा, बायकोशी कसा वागायचा, काही सांगितलेलं नाही. आपल्याला माहीत आहे तो त्याचा पेच: माझं घर अन्याय करतंय, मला ते दिसतंय, आणि घर माझं आहे. हा पेच नक्की झाला की एक मजेशीर गोष्ट दिसायला लागते. त्याच सभेत, त्याच कुळात, त्याच पेचाची वेगवेगळी उत्तरं बसलेली आहेत. भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. विदुर बोलतो, सतत बोलतो, सगळ्यांना नको होईपर्यंत बोलतो, आणि त्याचं बोलणं ही घरातली एक सवय होऊन बसते, म्हातारे बोलणारच. विकर्ण एकदा बोलतो आणि राहतो. आणि युयुत्सू. धृतराष्ट्राला वैश्य स्त्रीपासून झालेला हा मुलगा. युद्ध सुरू होण्याच्या तोंडावर युधिष्ठिर हाक देतो की आमच्याकडे यायचं असेल त्याने यावं, आणि हा बाजू बदलतो. धृतराष्ट्राच्या मुलांत जिवंत राहतो तो हाच.

रामायणात पाहिलं तर हीच जोडी तयार. बिभीषण सोडून जातो. कुंभकर्ण रावणाला सुनावतो की तू केलंस ते चूक केलंस, आणि मग त्याच्याच बाजूने लढून मरतो. आपण कुंभकर्णाला झोपेपुरता ठेवला आणि बिभीषणाला घरभेद्या केलं. दोघांचाही पेच हातातून गेला. ग्रीकांकडे अँटिगनीच्या कथेत राजा क्रेऑन तिला मृत्यूची शिक्षा देतो. त्याचा मुलगा हेमॉन, तिचा वाग्दत्त वर, बापाशी वाद घालतो, हुकूम मागे घे म्हणतो, बाप ऐकत नाही. हेमॉन ना बापाकडे राहू शकतो ना बाहेर पडून जगू शकतो. तो अँटिगनीच्या प्रेताशेजारी स्वतःला संपवतो. म्हणजे पाचवं उत्तर.

माझ्या धाकट्याला यातलं कुठलं उत्तर द्यायचं, हे मी ठरवलं नव्हतं. पण बाकीची उत्तरं समोर आल्यावर त्याचं उत्तर त्याने *निवडलं* असं दिसायला लागलं. आधी तो नुसता परत येऊन गाडीत बसत होता. आता घर सोडायचा रस्ता त्याला दिसतो. एका संध्याकाळी तो बॅग भरतोसुद्धा. न जाण्याला वजन आलं.

व्लादिमिर प्रॉप या रशियन अभ्यासकाने 1928 मध्ये परीकथांची चिरफाड करून त्यांतल्या 31 क्रिया वेगळ्या काढल्या आणि पात्रांच्या फक्त सात भूमिका. त्याचा आग्रह असा की पात्र कोण आहे, कसं दिसतं, हे बदलत राहतं. ते कथेत काय करतं ते स्थिर असतं. एकच पात्र दोन भूमिका करू शकतं, एक भूमिका दोघांत वाटली जाऊ शकते. मला हा रुक्ष माणूस मानसशास्त्रज्ञ युंगपेक्षा जास्त उपयोगी पडला. युंगचं नाव या विषयात सगळे घेतात, पण त्यानेही आदिबंध म्हणजे तयार चित्र असं म्हटलेलं नाही. स्फटिक बनताना द्रावात जी अदृश्य अक्षांची रचना असते, तिची उपमा त्याने दिली आहे. तिला स्वतःचं द्रव्य नसतं, पण स्फटिक तिच्याप्रमाणे घडतो. चित्रं आपण भरतो, आणि बहुतेकदा टीव्हीवरून भरतो.

वीराचा प्रवास म्हणून जे तक्ते सगळीकडे फिरतात त्यांच्याविषयी मला फार बोलायचं नाही. पुराणकथांचा अभ्यासक जोसेफ कॅम्बेल याने 1949 मध्ये निघणं, कसोटी आणि परतणं असा आराखडा मांडला. तो दांडगा आहे, कोणी तलवार घेऊन निघणार असेल तर जरूर वापरावा. माझी माणसं कुठे जातच नाहीत. एका खोलीत बसून भांडतात.

टीव्हीवरून चित्रं भरण्याबद्दल म्हटलं त्याला कारण वहिनी. द्रौपदी म्हटलं की डोळ्यांसमोर ओढली जाणारी साडी येते, आणि त्याआधी ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे हसणं. ते वाक्य महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. भांडारकर संस्थेच्या विद्वानांनी सव्वा हजारावर हस्तलिखितं ताडून 1966 मध्ये ती पूर्ण केली. मयसभेत दुर्योधन फजित होतो तिथे द्रौपदीच्या तोंडी असं काही नाही. तरी हे वाक्य सगळ्यांना पाठ, आणि त्यामुळे ‘तिनेच ओढवून घेतलं’ हेही सगळ्यांना पाठ. लेखकाने लोककथेतली द्रौपदी घ्यावी की ग्रंथातली, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी दोन्ही घेते. फक्त कुठली घेतलीय ते आपल्याला ठाऊक असावं.

ग्रंथातली द्रौपदी साडीच्या आधी काय करते, तर प्रश्न विचारते. तिला आणायला दुर्योधन आधी विदुराला सांगतो. विदुर नकार देतो. मग प्रातिकामी नावाने ओळखला जाणारा एक सारथी जातो. ती त्याला म्हणते, परत जा आणि त्या जुगाऱ्याला विचार, आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? तो बिचारा प्रश्न घेऊन सभेत येतो. प्रश्न तांत्रिक आहे. रडणं नाही, शाप नाही, क्रम विचारलाय. स्वतःवरचा हक्क गमावलेल्या माणसाला दुसऱ्याला पणाला लावायचा अधिकार उरतो का?

माझी वहिनी पहिल्या खर्ड्यात त्या बैठकीत भरपूर बोलत होती. तिच्या त्यागाचं, नवऱ्याच्या कष्टांचं. आता ती आतल्या खोलीतच बसते. पोऱ्या सहीसाठी कागद घेऊन येतो. ती दोन्ही कागद वाचते आणि म्हणते, “यातल्या कुठल्या कागदावर त्यांनी आधी सही केली, विचारून ये.” बस. कारण नवरा आधी भागीदारीतून बाहेर पडला असेल, तर भागीदार म्हणून केलेली दुसरी सही कसली? पोऱ्या बाहेर येऊन ते जसंच्या तसं विचारतो, आणि खोलीत शांतता पसरते. काका चष्मा पुसायला घेतात, हिशेबनीस तारखा चाळल्यासारखं करतो. दोन्ही कागदांवर तारीख एकच आहे. वेळ कोणीच लिहिलेली नाही. याच शांततेत धाकटा हात चोळतो. हो, ती हालचाल मी सरळ उचलली. व्यासांकडून उचलल्याने कोणी दावा लावत नाही.

पोऱ्याला मात्र यातून लॉटरी लागली. आधी तो चहाइतकाच निनावी होता. आता त्याला आत-बाहेर दोन फेऱ्या आहेत, आणि दुसऱ्या फेरीला तो कचरतो, कारण थोरल्याचीही भीती वाटते आणि वहिनीचीही. लहान पात्रांना पुराणातून असा आधार मिळतो तो मला सर्वांत जास्त आवडतो. कर्णावर आणि द्रौपदीवर इतकं लिहून झालंय की त्यांना हात लावला की आधीच्या सगळ्यांचे आवाज ऐकू येतात. प्रातिकाम्यावर कोणाचा दावा नाही.

अर्थात कर्ण सुटत नाहीच. माझ्याकडे एक अशी मुलगी आहे, जिला नातलगांनी वाढवलंय आणि जिची आई त्याच घरात ‘मावशी’ म्हणून वावरते. पेटीत घालून नदीत सोडलेलं मूल ही जगभरची गोष्ट: अक्कडचा सारगॉन वेताच्या टोपलीत, मोशे लव्हाळ्यांच्या पेटीत, रोम्युलस आणि रेमस, आपला कर्ण. मनोविश्लेषक ऑटो रँक याने 1909 मध्येच यांना एकत्र मांडलं आणि त्यात कर्णही घेतला. वाचायला सुंदर, पण या साम्याने माझं एकही पान पुढे सरकलं नाही. सरकलं ते राजपुत्र रिंगणात अस्त्रविद्या दाखवतात त्या रंगभूमीच्या प्रसंगाने. कर्णाला नुकताच अंगदेशाचा अभिषेक झालाय. तेवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत, घामाघूम होऊन येतो. कर्ण धनुष्य बाजूला ठेवतो आणि अभिषेकाच्या पाण्याने ओलं असलेलं डोकं त्याच्या पायांवर ठेवतो. तिकडे कुंती प्रेक्षकांत आहे. मुलाला ओळखून ती आधीच बेशुद्ध पडून सावरलेली आहे. जन्म दिलेली बघतेय, वाढवलेल्याच्या पायांवर डोकं आहे, आणि भीम ओरडतोय, सूतपुत्रा, चाबूक हातात घे. इथे पेटी नाही, नदी नाही. तिघं एका जागी आहेत आणि त्यांतल्या एकीलाच सगळं माहीत आहे. माझ्या मुलीचा सत्कार होतो त्या प्रसंगात मावशीला मी शेवटच्या रांगेत बसवलं, आणि मुलीला स्टेजवरून उतरून भलत्याच माणसाकडे जायला लावलं. तो प्रसंग एका बैठकीत लिहून झाला.

एक पथ्य मी पाळते. पेच ठेवायचा, सामान काढून टाकायचं. धाकटा विकर्ण आहे हे कळल्यावर मला मोह झाला होता की बैठकीआधी भावांचा पत्त्यांचा डाव असावा. दोन पानं लिहिलीसुद्धा. वाचकाला पत्ते दिसले की तो लगेच द्रौपदी शोधणार, वहिनी सापडली की साडी शोधणार, आणि मग माझ्या तारखा-सह्यांकडे त्याचं लक्ष राहणार नाही. डाव गेला. थोरला डोळ्याने अधू होता, तेही गेलं. ज्याला ओळखायचंय त्याने हात चोळण्यावरून ओळखावं. न ओळखता वाचलं तरी कुठे अडू नये.

आणि सुरुवात कधीच पुराणाकडून करत नाही. विकर्णावरून पात्र बेतायला बसले असते तर ते पहिल्याच पानावर न्यायाबद्दल बोलायला लागलं असतं. आधी माणूस कागदावर चुकतमाकत चालू द्यायचा, मग त्याच्याबद्दल विशेषणं न वापरता एक वाक्य लिहायचं: याच्यापुढे काय पेच आहे? ते वाक्य हातात आलं की पुराणात त्याचे भाऊबंद आपोआप भेटतात.

भाऊबंद भेटले की ते आपल्याबरोबर समोरच्या माणसालाही आणतात, हे मला सर्वांत उशिरा दिसलं. विकर्ण आला तर भीमही आला. म्हणजे जो त्याला हरवणार आहे, ज्याला ते चांगुलपण आठवतंय आणि तरी हरवणं भाग आहे, असा कोणीतरी. माझ्याकडे तो वहिनीचा मुलगा. पहिल्या खर्ड्यात तो नुसता सूडाने पेटलेला होता. पण या धाकट्या काकाने आईची बाजू घेतली होती हे त्याला माहीत आहे. कोर्टात उलटतपासणीत काकाला खोटं पाडायची वेळ येते तेव्हा तो वकिलाच्या हातात चिठ्ठी देतो की एवढा एक प्रश्न नका विचारू. वकील विचारतो. या प्रसंगाची माझ्याकडे आधी कल्पनाही नव्हती; भीमाच्या हळहळीतून तो आला.

राहिला मधला. याला अजून कोणी सापडत नाही. तो बैठकीत आहे, कारखान्यात आहे, प्रत्येक पानावर कुठेतरी कोपऱ्यात आहे, आणि काहीच करत नाही. नुकतंच सभापर्व पुन्हा चाळताना विकर्ण उठायच्या जरा आधीची जागा नजरेला पडली. भीम युधिष्ठिरावर भडकलाय. म्हणतो, सहदेवा, अग्नी आण, याचे हात जाळतो. अर्जुन भीमाला आवरतो, दोघांचं बोलणं होतं, आणि कथा पुढे सरकते. सहदेव जागचा हलला का, विस्तवाच्या दिशेने एखादं पाऊल टाकलं का, यावर ग्रंथात अक्षर नाही. माझ्या बैठकीत आता धाकटा त्या दोन कागदांकडे बोट दाखवून मधल्याला म्हणतो, “काडेपेटी आण.” तिथवर लिहून झालंय. मधल्याने खुर्ची मागे सरकवली आहे.